कुणीतरी हार उडवला

आमच्या शारजाच्या घरात शांतता अशी मी कधी ऐकलीच नाही. एसीची घरघर बारा महिने चालू असायची, आणि ती थांबली की आम्ही तिघंही दचकून एकमेकांकडे बघायचो. त्या घरघरीवर मग कुकरच्या शिट्ट्या, लिफ्टचं टिंग, खालच्या मशिदीतली अजान आणि आईचं फोनवर बाबांना विचारणं, 'कुठपर्यंत आलात?' पलीकडून बाबा तिथल्या अरबी 'चला'ने सुरुवात करायचे, 'यल्ला, ऑलमोस्ट देअर, पोळ्या टाक.' तेव्हा ते हमखास दुबईत, जेएलटीतल्या ऑफिसच्या पार्किंगमध्येच असायचे, आणि हे आईलाही ठाऊक असायचं. दुबई ते शारजा या रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल खोटं बोलणं आमच्या घरात पाप धरत नसत. आई पोळ्या तासाभराने टाकायची.

खाण्याचं सांगायचं तर आमचा वडा पावात नसायचा. पाव मिळत नव्हता असं नाही, पण खाली बेकरीत भट्टीतून निघालेला खुबूस, म्हणजे तिथली ती गोल, फुगलेली रोटी, इतका ताजा मिळायचा की पाव आणायला कोण गाडी काढणार! आई तो खुबूस मधोमध फाडायची, आत लसणाची चटणी फासायची आणि गरम बटाटावडा घालून तळव्याने दाबायची. वडा फुटल्याचा बारीक आवाज यायचा. मी आज पुण्यात राहते, एखाददुसरा केस पांढरा झालाय, दारासमोर वड्याच्या दोन गाड्या आहेत, आणि तरीही पावातला वडा खाताना मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. हे इथे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात, म्हणून आता सांगत नाही.

आई लग्नाआधी पुण्यात एका फिल्म क्लबात होती. परदेशी सिनेमे बघायचे, मग कट्ट्यावर बसून तासन् तास भांडायचं, हा तिचा जीव की प्राण. शारजाला आल्यावर तिच्या पासपोर्टवर शिक्का बसला, 'हाउसवाइफ'. त्या शब्दाचा तिला राग होता आणि तो ती बोलून दाखवायची नाही. फक्त कुठल्या फॉर्मवर तो लिहायची वेळ आली की पेन बाबांच्या हातात द्यायची. अखेर आमच्या मराठी मंडळाने तिला महिन्यातला एक शनिवार दिला. दुपारी चार वाजता, एका हॉटेलच्या वरच्या पार्टी हॉलमध्ये, चाळीस-पन्नास खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर आणि मंडळाचा प्रोजेक्टर. सिनेमा आईने निवडायचा. त्या शनिवारी ती सकाळपासून गुणगुणत असायची. एवढी एकच गोष्ट त्या देशात तिची स्वतःची होती, आणि तीही जाण्याच्या बेतात आली होती.

त्याला कारण जोगळेकरकाका. काका इंडस्ट्रियल एरियातल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघायचे. डबा उघडायचा, काडी बुडवायची, बघायचं आणि सांगायचं: पास, रिवर्क म्हणजे पुन्हा करून आणा, किंवा रिजेक्ट. चौथा शेरा त्यांच्याकडे नव्हता. अंगाने काटकुळे, डोक्यावर एक केस नाही, आणि एसीचा वारा टकलाला लागतो म्हणून कंपनीची निळी टोपी चोवीस तास डोक्यावर. मंडळाच्या मासिक पत्रिकेत ते परीक्षण लिहायचे, आणि त्यातही तेच तीन शेरे. कुणाच्या घरची पुरणपोळी 'रिवर्क' झाली होती, कुणाचं गाणं 'रिजेक्ट'. लोक त्यांना घाबरायचे आणि पत्रिका आली की आधी तेच पान उघडायचे.

त्या पानावर एकदा मीही आले होते. गणेशोत्सवात निवेदनाला कुणी नव्हतं म्हणून मला उभं केलं. माझं मराठी म्हणजे तिथे वाढलेल्या सगळ्या मुलांचं असायचं तसं, समजायचं सगळं, बोलताना मात्र कुठला शब्द 'तो' आणि कुठला 'ती' याचा पत्ता नाही. मी माइक धरून ठणकावून म्हणाले, 'मी अध्यक्षांना विनंती करते की त्यांनी वरती येऊन आपली भाषण उरकून टाकावा.' हॉल कोसळला. अध्यक्षसुद्धा हसले. पुढच्या महिन्यात पत्रिकेत छापून आलं: निवेदिकेचं मराठी, रिजेक्ट. मी सोळा वर्षांची होते. त्या दिवसापासून मी मराठी बोलायचं बंद केलं. आई म्हणायची, 'मनू, जेवायला ये,' मी म्हणायचे, 'इन फाइव्ह मिनिट्स.' आई म्हणायची, 'मनू, काय झालंय तुला?' मी म्हणायचे, 'नथिंग.' वर्षभर आमच्या घरात हेच चाललं होतं. आईला ते लागत होतं, हे मला दिसत होतं, आणि तरी माझ्या तोंडून मराठी शब्द निघत नव्हता.

आता सिनेमाचं. आईने दाखवलेल्या आधीच्या दोन सिनेमांना काका 'रिजेक्ट' देऊन बसले होते. एकात, म्हणे, कुणी काही बोलतच नाही; दुसऱ्यात बोलतात, पण का ते कळत नाही. खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. एका संध्याकाळी काका आमच्याकडे चहाला आले आणि बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, 'वहिनी, स्पष्ट बोलतो. आमच्या फॅक्टरीत तीन बॅच रिजेक्ट झाल्या की लाइन बंद. कमिटीचंही तेच म्हणणं आहे. झुंबावाले शनिवार मागतायत.'

'म्हणजे हा शेवटचा?' आईने विचारलं.

'पास झाला तर शेवटचा कशाला? पण कुठला दाखवताय?'

आईने सांगितलं. सिनेमा फ्रेंच होता. जुन्या काळातलं पॅरिस, घोडागाड्या, गॅसचे दिवे, आणि एक टोप्या शिवून विकणारी टोपीवाली बाई, जिच्या दुकानातून हिऱ्यांचा हार नाहीसा होतो. शोधाशोध, पोलीस आणि नुसता हशा. नाव लांबलचक होतं, आमच्या घरात सगळे त्याला टोपीवालीचा पिक्चर म्हणायचे. आमच्या शाळेत फ्रेंच शिकवणाऱ्या ट्युनिशियाच्या मादामनी तो सुचवला होता. काकांनी खिशातून वर्तमानपत्राचा कपटा काढला. इथल्या इंग्रजी पेपरातल्या समीक्षकाने दोन स्टार दिले होते. 'कपडे भरपूर, गोष्ट कमी, असं म्हणतोय हा,' काका म्हणाले. 'मी आधीच सांगून ठेवतो.'

मी हे दुसऱ्या दिवशी मादामना सांगितलं, तर त्या हात उडवून म्हणाल्या, 'इन फ्रान्स आल्सो! क्रिटिक्स, नो. पीपल, यस! माय मदर सॉ इट थ्री टाइम्स!' आणि कपाटातून डीव्हीडी काढून दिली. आईने विचारायला सांगितलं होतं म्हणून मी विचारलं, 'विथ सबटायटल्स?' त्या म्हणाल्या, 'ऑफ कोर्स, हबीबती, माय डिअर!'

शनिवारी आईने साठ वडे तळले. तिला वाटत होतं, सिनेमासाठी नाही तर वड्यांसाठी तरी येतील, आणि आले. हॉल भरला. जोगळेकरकाका पहिल्या रांगेत, टोपी, वही, पेन. बाबांनी डीव्हीडी लावून आवाज तपासला होता, एवढंच. दिवे मालवले, संगीत सुरू झालं, पडद्यावर पॅरिसचा ओला रस्ता दिसला, एका बाईने तोंड उघडलं आणि खाली अक्षरं उमटली. अरबी.

दोन मिनिटं कुणाला काही कळलं नाही. मग कुजबुज. 'अहो, इंग्लिश करा ना.' बाबांनी रिमोटची सगळी बटणं दाबली. अरबी जाऊन काहीच नाही, परत अरबी. 'खलास,' बाबा म्हणाले, जरा मोठ्यानेच. मादामसाठी सबटायटल्स म्हणजे अरबीच असणार, हे ना मला सुचलं होतं ना आईला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, 'चला, वडा खाऊन निघू या.' खुर्च्या सरकल्या. आई प्रोजेक्टरपाशी उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून, आणि मी तिचा चेहरा पाहिला. ती रडत नव्हती. पोळ्या किती वाजता टाकायच्या याचा हिशेब करताना तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. म्हणजे तिने सोडून दिलं होतं.

कोपऱ्यात गणपतीतला तोच माइक होता. मी तो कधी उचलला ते मला आजही आठवत नाही. पडद्यावर टोपीवाली दुकानाच्या मधोमध उभी राहून गळा चाचपत किंचाळत होती, 'ऑन आ वोले मों कोलिए!' ऑन म्हणजे कुणीतरी. कोलिए म्हणजे गळ्यातला हार. आणि वोले म्हणजे उडणं, हे मला पक्कं माहीत होतं. शाळेच्या फ्रेंचच्या पुस्तकात पक्षी उडत होता, विमान उडत होतं. तेव्हा कुणीतरी हार खिडकीबाहेर भिरकावला असणार, पतंग उडवतात तसा. दुकानाची खिडकी उघडीही होती. मी खिडकीकडे बोट दाखवून, टोपीवालीइतक्याच जोरात ओरडले:

'अगं बाई! कुणीतरी माझा हार उडवला!'

अख्खा हॉल हसला. माझे कान तापले. गेलं, म्हटलं, पुन्हा तेच. पण उठलेले लोक बसत होते. मागून कुणीतरी ओरडलं, 'कोणी उडवला?' पडद्यावर एक मिशाळ इन्स्पेक्टर आत आला, त्याच दुकानातून घेतलेली नवी कोरी टोपी घातलेला, आणि मी त्याच्या आवाजात म्हणाले, 'कुणी हलायचं नाही! यल्ला, सगळे भिंतीपाशी!' परत हशा. आता मला कळलं की हा हशा गणपतीतल्यासारखा नव्हता. तो ऐकायला मला बरं वाटत होतं.

मग मी थांबलेच नाही. जिथे फ्रेंच कळत होतं तिथे ते, जिथे कळत नव्हतं तिथे तोंडांकडे बघून माझं. टोपीवाली आमच्या मजल्यावरच्या काकूंसारखी बोलायला लागली, 'इतकी वर्षं दुकान चालवतेय, कुणी बोट दाखवलं नाही हो!' तिचा नोकर शारजात सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्यासारखा, प्रत्येक प्रश्नाला 'इन्शाल्ला, टुमॉरो.' इन्स्पेक्टर जो भेटेल त्याला विचारायचा, 'हार तुम्ही उडवला?' आणि पन्नास माणसं एका सुरात उत्तर द्यायची, 'नाही!' अर्ध्या तासाने मी इतकी बेभान झाले होते की चुकांची भीतीच राहिली नव्हती. टोपीवाली इन्स्पेक्टरच्या डोक्याकडे बघून काहीतरी म्हणाली, मी म्हटलं, 'वा साहेब, किती छान दिसतो हा टोपी!'

पहिल्या रांगेतून करडा आवाज आला. 'ही टोपी! ती टोपी!'

जोगळेकरकाका. आईने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर ज्याला घाबरून मी तोंड शिवून बसले होते, तो आवाज तीन हातांवर होता. आणि कुठून आलं देव जाणे, मी टोपीवालीच्याच ठसक्यात माइकवर म्हणाले, 'इन्स्पेक्टरसाहेब, तो असो की ती, तुमच्या डोक्यावर आहे ना? मग सांभाळा की!'

लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. एक वहिनी डोळे पुसत उठून बाहेर गेल्या आणि काही चुकू नये म्हणून धावत परत आल्या. काका हसले नाहीत. त्यांनी फक्त वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. पण पडद्यावर घोडागाडीचा पाठलाग सुरू झाला होता आणि घोड्यांचेही आवाज मलाच काढायचे होते.

सिनेमा मी आधी पाहिलेला नव्हता, हे इथे सांगायला हवं. त्यामुळे शेवटी जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. सगळ्या पॅरिसची झडती घेऊन दमलेला इन्स्पेक्टर दुकानात येतो, हार मानतो, आणि टोपीवालीला आदराने वाकून नमस्कार करायला डोक्यावरची टोपी काढतो. टोपीच्या अस्तरातून हिऱ्यांचा हार सुळकन खाली पडतो. बाईने टोपी विकण्याआधी स्वतःच तो तिथे शिवला होता, आणि सिनेमाभर तो इन्स्पेक्टरच्याच डोक्यावर फिरत होता.

मग अख्ख्या हॉलने मान वळवून जोगळेकरकाकांकडे पाहिलं. काका उठले. सावकाश डोक्यावरची निळी टोपी काढली, आत पाहिलं, उलटी करून दोनदा झटकली, आणि आमच्याकडे वळून दोन्ही हात पसरले: काही नाही. त्यांचं टक्कल प्रोजेक्टरच्या उजेडात लखलखत होतं. असा टाळ्यांचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि पुढे मोठमोठ्या सभागृहांतही ऐकला नाही. आई लोकांमधून वाट काढत आली, मला घट्ट धरलं आणि म्हणाली, 'मनू, तू मराठीत बोललीस.' मी म्हणाले, 'हो गं, आई.' वर्षभरात तिच्याशी बोललेले ते माझे पहिले मराठी शब्द. आम्ही दोघी तिथेच रडलो आणि वडे गार झाले. ते गार वडेही लोकांनी पुरवून पुरवून खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे हरवेल ते 'उडवलं' जायला लागलं. कुणी कुणाचं पार्किंग उडवलं, कुणी शेजाऱ्याची छत्री, ऑफिसात कुणी क्रेडिट. पण आई पत्रिकेची वाट बघत होती, आणि मीही. ती आली त्या दिवशी बाबांनी गाडीत बसूनच फोनवर वाचून दाखवली, आणि त्या दिवशी ते खरोखरच ऑलमोस्ट देअर होते. काकांनी लिहिलं होतं: चित्रपट, रिवर्क, मधला भाग लांबला आहे, आणि पेपरातल्या गृहस्थांनी हॉलमध्ये बसून बघायला हवा होता. वडे, पास. आणि खाली: 'हार चोरला असं म्हणणारे शंभर मिळतील. हार उडवला म्हणायला मराठी घरात वाढावं लागतं. निवेदिकेचं मराठी: पास.'

आईने ते पान फ्रिजवर लावलं. झुंबावाल्यांना बुधवार मिळाला. मी मात्र खोलीत जाऊन फ्रेंचचा जाडा शब्दकोश उघडला. त्या एका शब्दाचे दोन अर्थ होते. उडणं, आणि चोरणं. चोरणं आमच्या पुढच्या वर्षीच्या धड्यात होतं. मराठीत हार उडवला म्हणजे चोरला, हे तर मला मुळीच माहीत नव्हतं. दोन्ही भाषांत मी चुकले होते, आणि दोन्ही चुका मिळून बरोबर उत्तर आलं होतं. मी शब्दकोश मिटला आणि कुणाला काही बोलले नाही.

पुढे मी भाषांतरकार झाले, त्याचं श्रेय लोक मोठमोठ्या गोष्टींना देतात. मी देऊ देते. पण काका निवृत्त होऊन नाशिकला परत निघाले, तेव्हा त्यांच्या निरोपाच्या जेवणाला मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ताटात खुबूस-वडा होता, आईनेच केलेला. मनात सलत होतं ते म्हणून टाकलं.

'काका, एक कबूल करायचंय. मला चोरला म्हणायचंच नव्हतं. मला वाटलं, हार खिडकीतून उडाला.'

'ठाऊक आहे की,' काका घास चावत म्हणाले. 'बोट खिडकीकडे होतं तुझं. मी पहिल्या रांगेत होतो.'

'मग पास का केलंत?'

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतकी वर्षं त्यांना ओळखलंच नाही. 'अगं, मी माल तपासतो. मशीन आत काय विचार करतंय ते मी कधी विचारलंय? माल एक नंबर होता.' मग निळी टोपी डोक्यावर नीट बसवली, उरलेला वडा उचलला आणि माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, 'आणि मनू, ती टोपी. ती.'